आईचं नाक आणि बोंबलांचा वारा

दिवाळीनंतर सुरतेत एक सकाळ अशी येते, की गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल हाताला कडक लागतो. आदल्या दिवसापर्यंत तोच टॉवेल दुपारी बारापर्यंत दमट असतो, खाडीवरची हवा त्याला वाळूच देत नाही. मग एका रात्रीत वारा पालटतो. ओठ फुटायला लागतात. चौकात पोंकाच्या, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याच्या, गाड्या येतात. पतंगवाले रस्त्याच्या कडेला खांबाखांबांना दोरा ताणून त्याला गुलाबी रंगाचा हात फिरवत बसतात. पर्वत पाटियाच्या आमच्या गल्लीत पापड, मिरच्या, मांजा, गिरणीतून आलेले साड्यांचे तागे, जे दिसेल ते वाळत पडलेलं असतं.

यंदा तो वारा गेल्या आठवड्यात आला. मी टॉवेल मुठीत दाबून बघितला आणि आतल्या खोलीत वर्दी दिली, "माय, वारा फिरला गं."

"माले ते कालच समजनं," आई म्हणाली. तिच्या टाचा तिला सांगतात. टाच भेगाळली की ती समजते, तिकडे समुद्रकाठी हजिऱ्याला बोंबील वाळायला लागले.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. आबा, म्हणजे माझे वडील, मागावर काम करायला सुरतेला आले आणि तिथलेच झाले. आईने मात्र कापडाच्या या शहरात मासळीचा धंदा धरला, तोही सुक्या मासळीचा. डोक्यावर टोपली, टोपलीत बोंबील, सुकट आणि मिठातला बांगडा. गिऱ्हाईक सगळं आपलंच, खानदेशातलं, मराठवाड्यातलं, थोडं विदर्भातलं. मला याचं लहानपणापासून नवल वाटत आलंय. ज्या माणसांच्या सात पिढ्यांनी समुद्र पाहिला नाही, त्यांना आठवड्यातून एकदा भाकरीबरोबर भाजलेला बोंबील लागतो म्हणजे लागतोच. समुद्रापासून इतक्या लांब, तापीकाठच्या आठवडी बाजारात तो पोचला कसा आणि कुजला कसा नाही, याचा कुणी विचारही करत नाही. मीही केला नव्हता.

मी तर नाक मुरडण्यातच हुशार होते. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. एकदा एका मुलीने सगळ्यांसमोर नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "तुमच्या घरात मांजर मेलंय का गं?" त्या दिवसापासून मी शाळेत निघताना फ्रॉकवर पावडर शिंपडायला लागले. पुढे, मागे, काखेत, कॉलरखाली. घाम येतो म्हणून लावते, असं सांगायचे. डबा महिना व्हायच्या आत संपायचा. आई काही न विचारता नवीन डबा आणून फळीवर ठेवायची. मी आता शाळेत शिकवते, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत, आणि माझ्या वर्गात कुणी नाक दाबलं की त्याची मी अशी हजेरी घेते की विचारू नका. पण तेव्हा मी काही शूर नव्हते.

आईचं नाक म्हणजे आमच्या गल्लीत शेवटचा शब्द होता. ती माल घ्यायला गेली की पोतं वरून बघायचीच नाही. कोपरापर्यंत हात आत घालायची, तळातला एक बोंबील ओढून काढायची, डोक्याच्या मागे जिथे तो जाड असतो तिथे मोडायची आणि नाकाशी धरायची. डोळे मिटलेले. मग निकाल लागायचा. "ह्याले दहिवर लागेल शे." म्हणजे हा रात्री उघड्यावर राहिला, याच्यावर दव पडलं. व्यापारी शपथा घ्यायचा, देवाधर्माची नावं घ्यायचा. आई हात झटकून पुढच्या पोत्याकडे. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, मावशीने हुंगलंय ना, मग डोळे झाकून घ्या.

आणि तेच नाक गेलं.

ती तापाची साथ आली होती त्या वर्षी. आमच्या घरात तिघांनाही लागण झाली, तिघेही बरे झालो. माझी चव परतली, आबांचा खोकला थांबला. आईचं काही बिघडलंय हे आम्हाला महिनाभर कळलंच नाही, कारण तिने कळू दिलं नाही. एक दिवस गॅसवर दूध उतू जाऊन जळलं, सगळं घर धुराने भरलं, आणि आई त्याच खोलीत शांतपणे लसूण सोलत बसलेली. मी धावत आले. "अगं माय, वास नाही का येत?" तिने माझ्याकडे बघितलं आणि लसणाची पाकळी खाली ठेवली. "कोणले सांगू नको," ती म्हणाली. "माले काहीच वास येस नही."

आबांना सांगावंच लागलं, तेही ओरडून. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात राहून आबांचे कान कधीच गेलेत. त्यांना समजायला दोन मिनिटं लागली, आणि समजल्यावर ते गंभीर व्हायचं सोडून हसत सुटले. "तुनं नाक गय, मना कान गयात. आते ह्या घरमा पोरनं तोंड तेवढं बाकी शे!" आईने लसणाची टरफलं त्यांच्या अंगावर फेकली. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींचं येतं, काहींचं नाही. आईचं आलं नाही.

मग ती मला म्हणाली, तू चल. तू हुंग.

मला! जी पावडरचे डबे रिकामे करत मोठी झाली, तिला. नाही म्हणायला तोंड होतं का मला? दिवाळी होऊन गेली होती, माल भरायचा हंगाम होता. आमची नेहमीची हजिऱ्याकडची रमीलाबेन त्या दिवसांत आजारी नातेवाइकाकडे गेली होती, म्हणून आम्ही दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. तीन-चार दिवस आभाळ होतं, मधल्या रात्री धुकंही पडलं होतं. आईने तळातला बोंबील काढला, मोडला, माझ्या नाकाशी धरला. मी हुंगला. खरं सांगते, माझ्यासाठी जगातल्या सगळ्या बोंबलांचा वास एकच होता, आणि तो म्हणजे पळून जावंसं वाटायला लावणारा. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती. परीक्षेत प्रश्न कळला नाही की पोरं जसं ठोकून देतात तसं मी ठोकून दिलं, "मस्त आहे, घे."

आठ दिवसांनी परभणीच्या कमलबाई दारात आल्या. त्या बांधकामावर जातात, बोलायला एकदम मऊ. हातात कागदाचा पुडा. "मावशी, रागावू नगा, पर ह्ये बोंबील हाताला चिकटायलेत बघा. लालसर पडलेत. लेकरानं खाल्लं अन् रातभर ओकलं." आईने पुडा हातात घेतला आणि बोटांनी चाचपला. दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. ज्याला ज्याला त्या पोत्यातला माल दिला होता, त्याच्याकडून उरलेला परत मागून आणला. लोक म्हणत होते, असू दे मावशी, एखाद्या वेळी होतं. ती फक्त मान हलवायची. कमलबाईंच्या लेकराजवळ मात्र ती तासभर बसली. मग घरी आली, टोपली पालथी घालून माळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "आते बस."

खोटं मी बोलले होते. सजा ती भोगत होती. मला एकदाही बोलली नाही, हे तर फारच वाईट. आई जर दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती तर माझं जेवण गेलं असतं घशाखाली. पण ती दारात बसून राहायची आणि गल्लीतून दुसऱ्या कुणाची टोपली गेली की आत उठून जायची. रमीलाबेन परत आल्याचं कळलं तसं मी एका रविवारी आईला स्कूटीवर बसवलं आणि नेलं. भांडूनच नेलं. "माल घ्यायचा नाही, नुसतं भेटायला चल," म्हटलं.

हजिऱ्याचा रस्ता म्हणजे कारखाने, टँकर, धुरांडी, धुरांड्यांच्या टोकाला जळणाऱ्या ज्योती. आणि त्याच रस्त्याने आत वळलं की खाडीकाठी झिंग्याची तळी. रमीलाबेनचंही एक छोटं तळं आहे, नवरा आणि दीर बघतात. तळ्यातला मोठा झिंगा बर्फाच्या पेट्यांत बसून ऐटीत निघून जातो, तो कुठल्या देशात खातात देव जाणे. बारीकसारीक मागे राहतं ते बाया वाळवतात, आणि होड्यांवरून येणारे बोंबील घेऊन तेही वाळवतात. मी त्याआधी तिथे लहानपणी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा नाकाला ओढणी लावून. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तळ्याच्या बांधावर बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या ताणलेल्या, एकावर एक चार-पाच ओळी. आणि दोऱ्यांवर बोंबील. हजारो. टांगायला खिळा नाही, आकडा नाही, काही नाही. ताजा बोंबील म्हणजे नुसतं पाणी. हातात धरला तर निसटतो, आरपार उजेड दिसेल इतका मऊ. पण त्याच्या जबड्यात बारीक दात असतात, आतल्या बाजूला वळलेले. रमीलाबेनच्या घरातल्या बाया एका माशाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवत होत्या आणि ती जोडी दोरीवर टाकत होत्या, एक अलीकडे, एक पलीकडे. एका क्षणाचं काम. हात थांबत नव्हते, नजर तर तिथे नव्हतीच, गप्पा चालल्या होत्या कुणाच्या तरी लग्नाच्या. वारा आला की सगळी रांग डोलायची आणि एकही जोडी सुटायची नाही. मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी हा मासा भाजलेला पाहिला, त्याच्या वासाला शिव्या घातल्या, आणि तो एकमेकांच्या तोंडाला धरून वाळतो हे मला ठाऊक नव्हतं.

"मीठ किती लावता?" मी विचारलं. मास्तरीण ना, प्रश्न विचारायची खोड.

बायका खो खो हसल्या. रमीलाबेन म्हणाली, "दरियानी माछलीने वळी मीठुं शानुं?" समुद्राच्या माशाला आणखी मीठ कशाला! बांगड्याला लागतं, बोंबलाला नाही. याला फक्त वारा लागतो. उत्तरेचा, कोरडा, माझ्या गॅलरीतला टॉवेल कडक करणारा. तो वारा या मऊ मऊ जीवातलं पाणी तीन-चार दिवसांत पिऊन टाकतो आणि मागे जे उरतं ते पुढे वर्षभर टिकतं. बर्फ नाही, वीज नाही, डबा नाही. मागे एवढे मोठे कारखाने, रात्रंदिवस आगी पेटलेल्या, आणि इकडे बांबू, दोरी आणि वारा. मला अक्षरशः हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते मात्र कळेना.

आई यातलं काहीच बघत नव्हती. ती खाटेच्या कडेवर बसून होती. रमीलाबेनने चहा दिला आणि आईने तिला सगळं सांगून टाकलं. नाक गेलं, लेकरू आजारी पडलं, धंदा बंद केला. मी मान खाली घालून माझं खोटंही सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलं. "माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "तुनं तोंड पाहीसनच समजनं व्हतं. तरी मी माल लिधा. चूक मनी शे."

रमीलाबेनने बशीतला चहा संपवला. "नाक गयुं तो शुं थयुं? कान तो छे ने?" नाक गेलं तर काय झालं, कान तर आहेत ना! आणि मग तिने तिच्या सासूची गोष्ट सांगितली. शेवटची काही वर्षं सासूला दिसत नव्हतं. खाटेवर बसून असायची, याच अंगणात. तरी पोत्यात माल भरायच्या आधी प्रत्येक जुडी तिच्या हातात जायची. ती बोंबील कानाशी धरून मोडायची. आवाज बरोबर आला तर पोत्यात, नाही तर परत दोरीवर. तिच्या हाताखालून गेलेलं एकही पोतं कधी परत आलं नाही.

मग दुपारभर जे चाललं ते मी शाळेत कधी पाहिलेलं नाही, आणि मी वीस वर्षं शाळेत आहे. रमीलाबेनने दोऱ्यांवरून एकेका दिवसाचे बोंबील काढून आणले. पहिल्या दिवसाचा मोडला, आवाजच नाही, नुसता फाटला. दुसऱ्या दिवसाचा चपलेच्या पट्ट्यासारखा वाकला. तिसऱ्या दिवसाचा मोडला, पण आवाज दबका, तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखा. चौथ्या दिवसाचा, कट्. "आ!" रमीलाबेन म्हणाली, म्हणजे हाच. आईने तो आवाज परत मागितला. परत. परत. कानाशी धरायची, मान तिरकी करायची, डोळे मिटायची. तसेच मिटायची जसे पूर्वी हुंगताना मिटायची. 

ऊन कलल्यावर रमीलाबेनने सगळे मिसळून वीस-पंचवीस बोंबील पुढ्यात टाकले. आई एकेकाचं डोक्यामागचं टोक मोडत गेली, इकडे, तिकडे. सगळं बरोबर. शेवटी एक तिने हातात धरून ठेवला. रमीलाबेन म्हणाली, हा चांगला आहे, चौथ्याच दिवसाचा आहे. आईने मान हलवली. नाही. मलाही हुंगायला दिला, मला वाटला चांगला, पण आता मी शहाणी झाले होते, म्हटलं, मला कळत नाही. रमीलाबेनने नखाने तो पाठीच्या काट्यापर्यंत उभा चिरला. काट्याला लागून ओलं होतं. केसाएवढी रेघ असेल.  रमीलाबेनने आईच्या पाठीत असा दणका घातला की तिच्या स्वतःच्या दुसऱ्या हातातला बोंबील उडाला, आणि दोघी वेड्यासारख्या हसायला लागल्या. मी मात्र हसू शकले नाही.  हे कुठल्या पुस्तकात आहे? ती आंधळी सासू खाटेवर बसून ऐकायची, ती गेली, आणि तिचा कान आज माझ्या आईला मिळाला होता, एका दुपारीत, फुकट, चहाबरोबर.

टोपली माळ्यावरून खाली आली. अडचण एकच होती, आमची गल्ली. दोन्ही बाजूंना कारखाने, दिवसभर मागांची खडखड, तिथे बोंबलाचा कट् कुठून ऐकू येणार? पण सकाळी पाळी बदलते. रात्रीचे कामगार निघतात, दिवसाचे आत शिरतात, आणि मधे थोडा वेळ मशीनं थांबतात. तेवढ्या शांततेत आई पोतं उघडून ओट्यावर बसते. मी चहा घेऊन शेजारी. आबांनाही हौस, ते समोर येऊन बसतात आणि विचारतात, "वाजना का?" त्यांना कट् ऐकू येत नाही, म्हणून ते आईचा चेहरा बघतात. चेहरा फुलला की स्वतःच घोषणा करतात, "वाजना!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. कमलबाई परत आमच्याकडूनच बोंबील नेतात. पहिल्यांदा आईने त्यांच्या कानाशी धरून मोडून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता गं बया, ह्ये तर पापडावाणी वाजतंय की!"

एक गोष्ट मात्र कानाला जमत नाही. भाजतानाचा वास. हंगामातला पहिला बोंबील आई तव्यावर टाकते आणि मला हाक मारते. पहिल्या वर्षी मी नुसतं म्हटलं, "चांगला येतोय." ती भडकली. "चांगला म्हंजे कसा? तू मास्तरीण शे ना?" तेव्हापासून मला वास सांगावा लागतो. मी सांगते, ओली वाळू तापल्यासारखा. शेंगदाणे करपायच्या जरा आधी येतो तसा. भिजलेली दोरी उन्हात ठेवल्यासारखा. ती डोळे मिटून ऐकते, कधी मान डोलावते, कधी म्हणते, "नही, पुढे सांग." ज्या वासापासून मी जन्मभर पळाले, त्याला शब्द शोधत मी आता शेगडीपाशी बसते. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय म्हणणार?

यंदाची पहिली जुडी काल आली. तवा तापला, बोंबील पडला, मी ओढणी सावरून पुढे वाकले आणि सुरुवात केली, "वाळूचा येतोय, जरा तुपकट..."

"ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. तिची नजर तव्यावरच होती. "तू शाळामा जाये तव्हय तुना फ्रॉकले येये ना, पावडरना खालतून, तसा येस का?"

 म्हणजे तिला तेव्हाही येत होता. रोज सकाळी, माझी वेणी घालताना, पावडरच्या खालून. आणि ती नवीन डबा आणून फळीवर ठेवत होती.

मी वाकले, अगदी तव्याच्या वर, आणि छाती भरून श्वास घेतला.

"हो माय," मी म्हटलं. "तसाच येतोय."

"मंग माल चांगला शे," आई म्हणाली, आणि तिने बोंबील उलटला.